कुमुदचे मत

कुमुद गेली तेव्हा तिला हे ठाऊक नव्हते. ती असताना मी सांगितले नाही, आणि ती गेल्यावर सांगावे असे कोणी उरले नाही. मुलगा ऑकलंडला, हिल्सबरोत असतो. दर रविवारी फोन करतो, रक्तदाब विचारतो. त्यालाही सांगितलेले नाही. मी मोजके बोलणारा माणूस आहे. मोजके बोलणाऱ्याला एक सवलत मिळते – तो गप्प असला, तर काही लपवतो आहे असे कोणाला वाटत नाही. ही सवलत मी सात वर्षे वापरली.

आता तुम्हाला सांगतो. सरळ सांगता येईल असे वाटले होते. येत नाही. थोडे मागून यावे लागेल.

वेलिंग्टनच्या उत्तरेला जॉन्सनव्हिल हे उपनगर. तेथे आम्हा मराठी माणसांचे मंडळ आहे. गणपती, दिवाळी, संक्रांत, शनिवारी मुलांचा मराठी वर्ग. मुले मराठीत ऐकतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. मंडळाला कार्यकारिणी आहे आणि तिच्यावर पाच जणांची ज्येष्ठ सभा. वर्षाचे कार्यक्रम मंजूर करणे आणि कोणत्या तारखेला सभागृह घ्यायचे ते ठरवणे, हे ज्येष्ठ सभेचे काम. ही पाच माणसे सभासद निवडत नसत. कार्यकारिणी त्यांना नेमत असे – म्हणजे खरे तर जागा रिकामी होणार असली की जुने पाच जण चहा पिताना नवे नाव सुचवत आणि कार्यकारिणी मान हलवत असे. मी त्या सभेत नऊ वर्षे होतो. नियमावली माझ्याच हातची.

सुजाता नागपूरची. पुलांची रचना करणारी अभियंता. नवरा संगणकाच्या कामात. त्यांची मुलगी आमच्या शनिवारच्या वर्गात येई. दरवर्षी जानेवारीत सुजाताचे एक पत्र ज्येष्ठ सभेकडे येत असे – चौदा एप्रिलची जयंती मंडळाच्या कार्यक्रमात असावी. स्वयंपाक, सजावट, सगळे आम्ही करू. मंडळाने फक्त सभागृह आणि आपले नाव द्यावे.

आम्ही कधी नकार दिला नाही. हे नीट लक्षात घ्या. पहिल्या वर्षी सभागृह मिळत नव्हते. दुसऱ्या वर्षी ईस्टरची सुट्टी आड आली. तिसऱ्या वर्षी मंडळ राजकारणापासून अलिप्त असल्याची आठवण आम्ही तिला दिली. चौथ्या वर्षी पत्र 'विचाराधीन' राहिले. नाही म्हणण्याची वेळ आम्ही येऊच दिली नाही. त्यात आमचे कौशल्य होते.

पाचव्या वर्षी तिने कार्यक्रम मागितला नाही. तिने आम्हालाच हात घातला. वार्षिक सभेत ठराव मांडला – ज्येष्ठ सभा सभासदांनी थेट मताने निवडावी. आणि दुसरी दुरुस्ती – मत कुटुंबाला एक नसावे, माणसाला एक असावे. तोवर सभासदत्व कुटुंबाचे होते. एक घर, एक मत. ते कोण देत असे, हे सांगायला हवे का?

मी विरोधात बोललो. तयारी करून गेलो होतो. म्हणालो की अमेरिकेची घटना लिहिणारी माणसे मूर्ख नव्हती. त्यांनी सिनेटरांची निवड लोकांच्या थेट मतावर सोडली नव्हती, राज्यांची विधिमंडळे त्यांना निवडून पाठवीत. एक सभागृह लोकांच्या लाटेवर चालते, म्हणून दुसरे लाटेबाहेर हवे. सभागृह शांत होते. आपण चांगले बोललो असे मला वाटले.

सुजाता उठली. हातात कागदसुद्धा नव्हता.

"काका, पॉइंट छान आहे. पण मग त्यांनी ते बदललं ना? आता सिनेटर डायरेक्ट लोकच निवडतात. का बदललं, ते पण सांगा ना."

लोक हसले. का बदलले, ते मला ठाऊक होते. वाचले होते. बंद खोलीत जागा ठरत, काही विकल्या जात, काही भांडणापायी महिनोन्महिने रिकाम्या राहत. आणि ज्यांच्या नावाने हे सारे चाले ते लोक दाराबाहेर उभे असत. तेवढे पान मी सभेला सांगितले नव्हते. मागून कोणीतरी म्हणाले, "आणि काका, न्यूझीलंडने तर नेमलेलं वरचं सभागृह कधीच बंद करून टाकलं. इथं कोणाचं काही अडलंय का?" पुन्हा हशा.

हात वर झाले. कुमुद माझ्या शेजारी बसली होती. तिने हात वर केला – आणि आठवण झाल्यासारखा खाली घेतला. घराचे मत एकच होते, आणि ते मी देऊन बसलो होतो. मी तिच्याकडे पाहिले नाही. ठराव तरीही मंजूर झाला.

पहिल्या थेट निवडणुकीला निवडणूक अधिकारी हवा होता. माझे नाव सुजातानेच सुचवले. त्याला कारण होते. एकदा माझ्या जुन्या स्नेह्याने, वसंतरावांनी, खजिनदारपदाचा अर्ज मुदतीनंतर दहा मिनिटांनी आणला आणि मी तो परत केला. "लिमये, यम आला तरी त्याचा फॉर्म तू परत करशील," ते म्हणाले. तो विनोद मंडळात बरीच वर्षे चालला. आयुष्यभर मी पाण्याच्या नळांची तपासणी केली. जोड पक्का नसेल तर मोठ्यातल्या मोठ्या ठेकेदाराचे काम नापास केले. लोकांना हे माहीत होते. माझ्या काटेकोरपणावर लोकांचा विश्वास होता. माझाही होता.

जागा पाच. उमेदवार सहा. चार जणांबद्दल शंका नव्हती. पाचव्या जागेसाठी खरी लढत दोघांत होती – निवृत्त बँक अधिकारी वसंतराव, आणि सुजाता.

पद्धत इथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीसारखी, टपालाची. प्रत्येक सभासदाला एक मतपत्रिका आणि दोन पाकिटे. आतले कोरे, बाहेरच्यावर सभासदाचे नाव आणि सही. सगळी पाकिटे माझ्या घरी यायची. आले की मी नोंदवहीत त्या नावापुढे खूण करायची आणि पाकीट न उघडता पेटीत टाकायचे. मोजणी सभागृहात, सर्वांसमोर, दोन तपासनिसांच्या देखत.

नगरपालिकेच्या मतपत्रिका आमच्या घरी दर तीन वर्षांनी येत. दोन्ही मीच भरत असे. कुमुद तेव्हा भाजी निवडत असे किंवा इस्त्री करत असे. तिने कधी हरकत घेतली नाही, मी कधी विचारले नाही. अशी किती घरे असतील! पण मी इतर घरांबद्दल बोलायला बसलेलो नाही.

या वेळी मी दोन्ही मतपत्रिका समोर घेऊन टेबलापाशी बसलो तेव्हा ती आली. "अहो, माझी इकडे द्या. माझी मी भरते."

दिली. ती खिडकीशी गेली, पाठमोरी बसून खुणा केल्या, पाकीट चिकटवले, दुसऱ्यात घातले, सही केली. एवढ्याशा कामाला तिने बराच वेळ घेतला. मग उठून ते माझ्यापुढे ठेवले.

"टपालात टाकायचे असते," मी म्हणालो.

"तुमच्याकडेच यायचंय ना? मग तिकीट कशाला लावू? आपल्याच पेटीतून बाहेर पडून आपल्याच पेटीत." हसली. "घ्या साहेब. पोचपावती द्या."

मी हात पुढे केला आणि पाकीट घेतले. टपालाचा शिक्का नाही, साक्षीदार नाही. इतर प्रत्येक सभासदाच्या आणि माझ्यामध्ये टपालखाते होते. माझ्या बायकोच्या आणि माझ्यामध्ये काही नव्हते.

आता मी तेथे आलो जेथे यायचे टाळतो आहे.

पहिली दोनतीन वर्षे मी स्वतःला सांगत असे – विसरलो. पाकीट कागदांत राहिले, नोंदवहीत खूण करायची राहिली, लक्षात आले तेव्हा मुदत संपली होती. आणि मुदतीनंतर दहा मिनिटांनी आलेला अर्ज परत करणाऱ्याने बायकोचे मत उशिरा कसे घ्यावे? बरे जुळते, नाही का? इतके जुळते की मला ते जवळजवळ खरे वाटू लागले होते.

मी विसरलो नव्हतो. कुमुद दुपारी चालायला बाहेर गेली. मी ते पाकीट घेऊन टेबलाशी बसलो. बाहेरचे पाकीट कापले. आतल्याचा डिंक नीट धरला नव्हता, बोटाने सुटला. मतपत्रिका उघडली. पाच खुणा होत्या. पहिली सुजाताच्या नावापुढे – बाकीच्यांपेक्षा जरा मोठी, ठसठशीत. वसंतरावांच्या नावापुढे काही नव्हते.

मला आश्चर्य वाटायला नको होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुमुदला गाडी चालवायला सुजाताने शिकवले होते. मी एकदा प्रयत्न केला होता आणि तीन वेळा ओरडलो होतो. सुजाता शनिवारी वर्ग सुटल्यावर तिला घेऊन जाई, आमच्या त्या चढउताराच्या रस्त्यांवर. कुमुद परत येई तेव्हा तिचा चेहरा लाल झालेला असे. "आज उतारावर बंद पडली गाडी आणि मागं बस. सुजाता म्हणते, काकू, बसवाल्याला थांबू दे, त्याला त्याचेच पैसे मिळतात." परवाना मिळाला त्या दिवशी दोघींनी कोपऱ्यावरच्या डेअरीतून आइस्क्रीम आणले होते. मला एक दिले. मी खाल्ले. त्यांच्या बोलण्यात बसलो नाही.

तेव्हा, आश्चर्य नव्हते. मग काय होते? त्या कागदाकडे पाहताना मला वाटले ते हे – माझ्या घरात दुसरे मत आहे. एवढेच. पस्तीस वर्षे या घरातून एक मत बाहेर जात होते. आता दोन जाणार, आणि ती एकमेकांना खोडणार.

मी मतपत्रिका घडी घालून खणात ठेवली. नोंदवहीत कुमुदच्या नावापुढे खूण केली नाही. तिचे मत मी बदलले नाही, हे मी बराच काळ स्वतःच्या बाजूने मांडत असे. बनावट मतपत्रिका केली नाही. फक्त मोजली नाही. या दोहोंत फरक काय, ते मला आज सांगता येत नाही.

मोजणीच्या दिवशी सभागृह भरले होते. कुमुद आतल्या स्वयंपाकघरात चहाच्या भांड्यापाशी होती. तिसऱ्या रांगेत सुजाताची आई बसली होती. नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेली, निळ्या काठाची पांढरी साडी, वर जावयाचे जाड जाकीट. एक तपासनीस निखिल होता, संगणक क्षेत्रातला तिशीतला माणूस. तो नोंदवही पडताळत होता.

"काका, काकूंच्या नावापुढे टिक नाहीये. व्होट राहिलं का?"

जवळचे चारपाच जण ऐकत होते.

"तिने दिले नाही," मी म्हणालो.

"अरेरे! रिटर्निंग ऑफिसरच्या घरातच टर्नआउट फिफ्टी परसेंट!"

लोक हसले. मीही थोडा हसलो असेन. "स्वीट ॲज, रजिस्टर ओके," असे इथल्या तरुणांच्या बोलीत 'सगळे ठीक' म्हणून निखिलने सही केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांड्यांचा आवाज येत होता. तिने ऐकले नाही. ते मी पाहून घेतले होते.

चार नावे निघाली. पाचव्या जागेला वसंतराव आणि सुजाता – समान मते.

पुन्हा मोजली. समान.

माझ्या नियमावलीत यालाही नियम होता. समान मते पडल्यास निवडणूक अधिकाऱ्याने सर्वांसमक्ष चिठ्ठी काढावी. दोन सारखे कागद, दोन सारख्या घड्या, स्टीलचा डबा. मी डबा हातात धरला, लोकांना दाखवला, हलवला. हे सारे मी अत्यंत काटेकोरपणे केले. तोंड दुसरीकडे वळवून हात आत घातला. हे करत असताना मला नेमके ठाऊक होते की चिठ्ठीची गरज नाही. निकाल लागलेला होता, आणि तो माझ्या घरी खणात होता. बोलायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. "थांबा, एक मत राहिले आहे." मी आयुष्यभर माणसांना सर्वांसमोर थांबवत आलो होतो. त्या दिवशी स्वतःला थांबवले नाही.

चिठ्ठी वसंतरावांची निघाली.

माझ्याशी हात मिळवायला पहिली आली ती सुजाता. "काका, तुमच्या हातून निघाली ना, मग प्रश्नच नाही. नेक्स्ट टाइम." तिच्या मागून तिची आई आली. तिने हात जोडले. "साहेब, मी सगळी मोजणी डोळ्यानं पाह्यली. पोरगी हरली, त्याचं काही नाही. मतं मोजली तर गेली बरोबरीनं." मी नमस्कार केला. कोणते तोंड करून केला, ते आठवत नाही.

गाडी घरी कुमुदने आणली. टेकडीच्या वळणावर तिने विचारले, "माझं पोचलं होतं ना हो?"

"पोचले."

"मग एका चिठ्ठीनं गेलं पोरीचं." पुढचे वळण घेताना म्हणाली, "नशीब एकेकाचं."

दुसऱ्या दिवशी ती मतपत्रिका मी कागद कापण्याच्या यंत्रात घातली. यंत्र मीच घेतले होते. बँकेची जुनी पत्रे अखंड टाकू नयेत म्हणून.

पुढच्या एप्रिलमध्ये कार्यक्रम झाला नाही. नव्या ज्येष्ठ सभेत सुजाताचे पत्र तीन विरुद्ध दोन मतांनी नामंजूर झाले. आता तर आमची सभा लोकांनी निवडलेली होती, त्यामुळे कोणाला बोलता आले नाही. दीड वर्षाने ती मंडळी ख्राइस्टचर्चला गेली. हॉर्नबीत घर घेतले. नोकरीमुळे गेली, असे सांगितले. तेही खरे असेल. तेथे एका शाळेचे सभागृह घेऊन ते चौदा एप्रिल करतात. कुमुद दोनदा जाऊन आली, एकटी, विमानाने. मला "येता का?" असे विचारले होते. मी गुडघा दुखत असल्याचे सांगितले.

नगरपालिकेच्या निवडणुका पुढेही आल्या. कुमुद आपली मतपत्रिका आपण भरू लागली. बंद करून माझ्याजवळ देई. "खाली जाताय ना, टाका एवढं." मी ती टाकत असे. प्रत्येक वेळी टाकली. एकाही वेळी तिने मागे वळून विचारले नाही.

ती आजारी पडली तेव्हा सुजाता आली, आठ दिवस राहिली, तिचे केस विंचरले. दोघी जुन्या गोष्टी काढून हसत. मी दारातून ऐकत असे. दोन माणसे, ज्यांना सांगायला हवे होते, एका खोलीत होती. मी त्यांना चहा नेऊन दिला.

अजून एक उरले आहे. ते सांगितल्याशिवाय वरचे सारे अर्धे राहील. मी म्हणालो की मला घरातले दुसरे मत सहन झाले नाही. ते खरे आहे, पण ते मला सोपे जाणारे खरे आहे. कुमुदने ती मोठी खूण इतर कोणाही नवख्या माणसाच्या नावापुढे केली असती – एखाद्या कुलकर्णीच्या, एखाद्या गोखलेच्या – तर मी चिडलो असतो, जेवताना गप्प राहिलो असतो, आणि पाकीट पेटीत टाकले असते. हे मी पुष्कळदा तपासून पाहिले आहे. उत्तर बदलत नाही. वसंतराव आमच्यातले होते. 'आमच्यातले' हा शब्द मी मंडळात कधी उच्चारला नाही, घरातही नाही. तशी वेळ आली नाही. पाच जण चहा पीत बसत, तेव्हा तो शब्द आमच्याबरोबर बसलेला असे. मी पुण्याहून बारा हजार किलोमीटर दूर आलो. नियम लिहिले. सर्वांना सारखे लागू केले, असे समजत आलो. आणि पहिल्यांदा जेव्हा तो शब्द बंद खोलीतून बाहेर काढून लोकांच्या मतासमोर ठेवायची वेळ आली, तेव्हा मी मतच खणात घातले.

सुजाताला मी हे लिहून कळवलेले नाही. या पानावरून तिला कळले, तर कळेल. ती काय म्हणेल, याचा अंदाज मी करत नाही. तो करण्याचा मला अधिकार नाही.

वसंतराव त्या जागेवर बसले, ते निवडून आले नव्हते. सुजाता आली होती, एका मताने. ते मत कुमुदिनी लिमये हिचे होते. तिने ते स्वतः, पूर्ण विचार करून, मुदतीत दिले होते.